एकोणतिसावा शिक्का

शहागंजात घड्याळाच्या टॉवरमागच्या गल्लीत आमची कचेरी आहे. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचायचे आणि त्यांचं मराठी भाषांतर सही-शिक्क्यानिशी करून द्यायचं, हे आमचं काम. कचेरी काकासाहेबांची. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. उर्दू माझी बायको सुलेखा वाचायची. मला उर्दू येत नाही. मी स्कॅनिंग, टायपिंग आणि मेल सर्व्हर बघतो. जुन्या कागदांचे स्कॅन फार मोठे असतात, साध्या मेलवर येत नाहीत, म्हणून मी आठ-दहा वर्षांपूर्वी कचेरीतच आमचा स्वतःचा सर्व्हर बसवला.

सुलेखा आठ महिन्यांपूर्वी गेली. तिच्या जागी प्रेरणा नावाची मुलगी आली.

त्या सोमवारी दुपारी दीड वाजता बाकड्यावर अजिनाथ आणि त्याची मुलगी ज्ञानेश्वरी बसले होते. ते सकाळी दहापासून बसले होते. बिडकीनच्या पलीकडच्या वस्तीवरचे धनगर. ज्ञानेश्वरीला जनावरांच्या डॉक्टरकीला तात्पुरता प्रवेश मिळाला होता. जातीचा जुना पुरावा पडताळणी समितीत द्यायची त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. पाच वाजून गेले की फाईल बंद, आणि फाईल बंद झाली की जागा दुसऱ्याला.

पुरावा सापडला होता. हैदराबादला आमच्यासाठी कागद शोधणारा सादिक आहे. त्याला ज्ञानेश्वरीच्या खापरपणजोबाची नोंद चराईच्या जुन्या वहीत मिळाली होती. तिथल्या सरकारी दफ्तरखान्यातूनच स्कॅन मेल होतो. सकाळी सव्वाअकराला सादिकचा फोन आला की कागद निघाला. मग सादिक परत दफ्तरखान्याच्या वाचनालयात गेला. आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो आणि तो पाचनंतर मिळतो. स्कॅन पुन्हा मागवायचा तर दुसऱ्या दिवशी नवा अर्ज.

दीड वाजला तरी कागद आला नव्हता.

काकासाहेब दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

"तुझ्या ह्या डब्यापेक्षा पोस्टमन बरा होता," ते म्हणाले. "उशिरा यायचा, पण तो कुठं आहे ते तरी कळायचं."

ते मागं उभे होते म्हणून मी सर्व्हरची नोंद, म्हणजे कुठला मेल किती वाजता कुठं गेला त्याची यादी, उघडत नव्हतो. सकाळपासून मी केबल बघितली, इंटरनेट बघितलं, जागा भरली का ते बघितलं. नोंद तेवढी टाळली. काय टाळतोय ते मला माहीत होतं.

कचेरीच्या पत्त्यावर आलेला कागद आपोआप पुढं सुलेखाच्या पत्त्यावर जायचा. ती गेल्यावर मी ती वाट बदलून प्रेरणाकडं वळवायला हवी होती. मी तसं केलं नाही. सुलेखाचा पत्ता चालू ठेवला आणि तिथून पुढं प्रेरणाकडं वाट जोडली. कागद पोचत होते, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. मी रोज सकाळी नोंद उघडायचो. तिच्यात सुलेखाचं नाव असायचं, पुढं वेळ असायची. दहा बावीस. दहा एकेचाळीस. एवढंच होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं काकासाहेबांचा एक नियम आहे. रजेवर जाणाऱ्यानं टेबल रिकामं करून जायचं, त्याच्या टेबलावर एकही कागद पडून राहता कामा नये. शनिवारी प्रेरणा बाळंतपणाच्या रजेवर गेली. काकासाहेब म्हणाले, तिचे कागद कचेरीच्या पत्त्यावर परत आण, तोवर मी वाचतो. मी पाच मिनिटांत ती वाट जोडून दिली. असं काही बदललं की एक मेल टाकून बघायची माझी सवय आहे. शनिवारी टाकला नाही, कारण मग काकासाहेबांसमोर नोंद उघडावी लागली असती. रविवारी कचेरी बंद. सोमवारचा पहिला कागद ज्ञानेश्वरीचा.

एक चाळीसला मी नोंद उघडली.

कागद हरवला नव्हता. तो फिरत होता. कचेरीकडून सुलेखाकडं, सुलेखाकडून प्रेरणाकडं, प्रेरणाकडून परत कचेरीकडं. सकाळपासून हेच चाललं होतं. मोठा स्कॅन, जुनं मशीन. प्रत्येक मुक्कामाला व्हायरसची तपासणी व्हायला पाच मिनिटं लागत होती.

"काय झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

मी सांगितलं की कागद आपल्याच मशीनमध्ये गोल फिरतोय.

अजिनाथ बाकड्यावरून उठून आला. "रोग लागल्यावर मेंढरू फिरतं तसं का?"

"तसंच."

"मग लई येळ फिरू देऊ नका साहेब. फिरून फिरून पडतंय ते."

त्याला माहीत नव्हतं, पण तो बरोबर बोलला होता. प्रत्येक मुक्कामाला सर्व्हर मेलवर एक ओळ टाकतो, पोस्टाच्या शिक्क्यासारखी. मेल असे कायम फिरत राहू नयेत म्हणून मी मर्यादा घातली होती. तिसावा शिक्का पडायची वेळ आली की मेल घ्यायचा नाही. पाठवणाऱ्याला नुसती सूचना जाते आणि कागद पुसला जातो. कागदावर अठ्ठावीस शिक्के होते.

मर्यादा वाढवायची तर सर्व्हर बंद करून चालू करावा लागतो. तपासणी चालू असताना तसं केलं की मेल अर्धवट राहतो. एकदा तसं झालं होतं.

मला पहिल्यांदा प्रेरणाची वाट तोडायचं सुचलं. तेवढं केलं की कागद तिच्या मेलच्या पेटीत राहील आणि बाकी सगळं होतं तसं राहील. मी हात कीबोर्डवर ठेवला आणि मुक्काम मोजले. पहिला कचेरी, दुसरा सुलेखा, तिसरा प्रेरणा. चौथा पुन्हा कचेरी. तीनच्या पटीत प्रेरणा येत होती. म्हणजे तिसावा प्रेरणाचाच. तिच्या दाराशी जाऊन कागद पुसला जाणार होता.

अठ्ठाविसावा कचेरीचा होऊन गेला होता. कागद सुलेखाकडं निघाला होता. त्याला थांबायला आता तिचीच पेटी होती.

तिची पुढची वाट तोडायची तर एक ओळ पुसायची होती. माझ्याकडं पाच मिनिटं होती. त्यातली किती मी नुसती बसून घालवली ते मला सांगता येणार नाही. काकासाहेब वाकून पडदा वाचत होते.

"इंद्रजीत," ते हळूच म्हणाले. "ह्या वाटेत सुलेखा कशी काय?"

"मी ठेवलीय."

त्यांनी बाकड्याकडं बघितलं. ज्ञानेश्वरी बाकड्यावर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. तिनं फाईलची नाडी सोडली, परत बांधली, परत सोडली. ती एकदाही घड्याळाकडं बघत नव्हती. तिच्या वाटचं अजिनाथ बघत होता.

मी ती ओळ पुसली.

एक सत्तेचाळीसला एकोणतिसावा शिक्का पडला आणि कागद सुलेखाच्या पेटीत थांबला. नोंद पुढं सरकली नाही. मी दोन मिनिटं वाट बघितली. नाहीच सरकली.

आता तिची पेटी उघडायची होती. मी ती आठ महिन्यांत उघडली नव्हती. पासवर्ड तिनं एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला होता, उर्दूत, म्हणजे आम्हा कुणाला वाचता येऊ नये. काकासाहेब तिला त्यावरून चिडवायचे, की मला येतं ना वाचता. ती म्हणायची, तुम्ही चष्मा लावाल तोवर मी बदलते. नवा पासवर्ड टाकणं माझ्या हातात होतं. पण मग तिचा गेला असता.

मी कीबोर्ड उलटा केला. काकासाहेबांनी चष्मा लावला.

"गुलमंडी," त्यांनी वाचलं. "दोन हजार तीन."

आमच्या लग्नाचा बस्ता त्या वर्षी गुलमंडीच्या बाजारात बांधला होता. मी तो शब्द टाईप केला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा पेटी उघडली. आत एकच न वाचलेला मेल होता.

कागद छापून काकासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी भिंग घेतलं. अक्षर घसटलेलं होतं आणि त्यांचे डोळे पहिल्यासारखे नाहीत. एका शब्दाशी ते बराच वेळ थांबले. तो शब्द कौमेच्या, म्हणजे जातीच्या रकान्यातला होता.

"मल्हारी वल्द भिवा," शेवटी त्यांनी वाचलं. "मेंढ्या साठ. कौम धनगर. सन तेराशे एक्केचाळीस फसली, म्हणजे एकोणीसशे एकतीस."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "भिवाचा मल्हारी. आमचाच."

ज्ञानेश्वरी पहिल्यांदा हसली. "साठ होत्या? आबा शंभर सांगायचे."

काकासाहेब सांगत गेले, मी टाईप करत गेलो. दोनदा तपासलं. सव्वातीनला सही-शिक्का झाला. बापलेक रिक्षात बसले. मी त्यांना सांगितलं, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

त्यानंतर दीड तास आम्ही दोघं काहीही काम न करता बसलो. चहा आला, तो गार झाला. मी काकासाहेबांना सगळं सांगितलं. शनिवारी टेस्ट का केली नाही तेही सांगितलं. म्हटलं, तुम्ही मला काढलं तरी मी काही म्हणणार नाही. ते बराच वेळ शिक्क्याचा डबा पुसत राहिले.

"तिची पेटी राहू दे," ते म्हणाले. "चिठ्ठी पण राहू दे. पण लोकांचे कागद तिच्याकडून नको पाठवू. तिलाही ते आवडलं नसतं. तिनं एक कागद कधी उशिरा दिला नाही."

चार वाजून अडतीस मिनिटांनी फोन वाजला. ज्ञानेश्वरी होती. मागं गर्दीचा आवाज होता. पोच मिळाली, ती म्हणाली, शिक्का मारून मिळाली, आणि बाबा बाहेर पायरीवर बसलेत, उठत नाहीत.

फोन ठेवल्यावर मी कचेरीच्या पत्त्याची वाट सरळ काकासाहेबांच्या पेटीत जोडली. मग टेस्ट मेल टाकला. नोंद काकासाहेबांसमोर उघडली. दोन ओळी आल्या. त्यांनी दोन्ही वाचल्या आणि मान हलवली.

मंगळवारी सकाळी मी सवयीनं नोंद उघडली. दहा बाराला जालन्याहून जमिनीचं एक खासरापत्रक आलं होतं आणि तेवढ्यात पोचलंही होतं. त्यात तिचं नाव नव्हतं. मी थोडा वेळ बघत बसलो. मग कागद छापायला टाकला आणि काकासाहेबांना भिंग नेऊन दिलं.