भाकरीपर्यंत

एल्दा गुडघ्यांवर बसली, हीटरचं बटण बारक्या ज्योतीच्या खुणेवर फिरवलं आणि अंगठ्यानं आत दाबून धरलं. दुसऱ्या हातानं ठिणगी पाडली. काचेआड ज्योत उभी राहिली. तिचे ओठ हलू लागले. मग अंगठा सुटला आणि ज्योत गेली.

"बघितलंत?" मागे उभी असलेली तिची मुलगी मिर्ना गॅसवाल्या रुफिनोला म्हणाली. "रोज सकाळी हेच. दिवसभर गारठून बसते. मी लावला की मात्र राहतो."

"सरका, दोन्या एल्दा," रुफिनो अदबीनं म्हणाला. "आधी खिडकी उघडा, साचलेला गॅस जाऊ दे. लगेच पुन्हा ठिणगी पाडाल तर भुवया जातील."

"भुवया आता कुणाला दाखवायच्यात, मेल्या," म्हातारी म्हणाली. पण तिनं खिडकी उघडली.

वारा आत घुसला. या गावाच्या पोटातला गॅस उपसून उत्तरेकडची शहरं शेकतात, आणि इथली माणसं थंडीनंही मरतात, गॅसनंही. वर्तमानपत्रात ते दरवर्षी 'दुर्दैवी अपघात' म्हणून छापून येतं.

रुफिनोनं भिंतीतली जाळी तपासली. थंडीला भिऊन लोक तिथं चिंध्या कोंबतात. इथली जाळी लख्ख होती, जणू रोज पुसलेली. साबणाचं पाणी लावून सांधे पाहिले, बुडबुडा आला नाही. मग झाकण काढून त्यानं बारक्या ज्योतीचा स्क्रू किंचित सैल केला.

"हे बघा. ज्योतीनं या तांब्याच्या कांडीला नीट कवेत घ्यायला हवं. कांडी तापली की झडप आपली आपण उघडी राहते. तापायच्या आत बोट सोडलंत तर झडप मिटते. तुम्हाला वाचवायलाच मिटते ती."

"मागचा गॅसवाला म्हणाला होता, बटणात पाचर मारून ठेवा," मिर्ना म्हणाली.

"त्याला सांगा, स्वतःच्या घरात मार आणि तिथंच झोप."

मिर्ना पुढे झाली. बटण दाबलं, ठिणगी पाडली. तिचेही ओठ हलत होते. शेवटी तिची मान जराशी खाली झुकली आणि मग बोट सुटलं. ज्योत राहिली.

"झालं!" ती उठत म्हणाली. "यंत्र धडधाकट आहे. आई, तुझा हात गेलाय, नाहीतर डोकं. चल माझ्याकडे. मी घराला कुलूप लावते."

दाराशी एल्दाची बॅग भरून ठेवलेली होती. वरती लोकरीच्या सपाता खोचलेल्या.

"मी इथून हलणार नाही," एल्दा म्हणाली.

"मग रात्री बंद तरी करू नकोस."

"पेटत्या हीटरजवळ मी झोपणार नाही. तुला माहीत आहे."

मिर्नाला माहीत होतं. नेल्सन, तिचा भाऊ, भाड्याच्या खोलीत असाच झोपला होता, तो उठलाच नाही. धुरानं भिंत काळी पडते म्हणून घरमालक बाल्वेर्देनं बाहेरून धुराड्याचं तोंड लिंपून टाकलं होतं. कोर्टानं भाडेकरूचा निष्काळजीपणा ठरवला. बाल्वेर्दे अजून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, सगळ्यांत मोठ्यानं प्रार्थना म्हणतो, आणि एकमेकांना शांती म्हणत हात द्यायची वेळ आली की एल्दाकडे वळतो.

रुफिनोनं ज्योत विझवली, थोडा वेळ जाऊ दिला.

"पुन्हा लावा, दोन्या एल्दा. मी तुमचा हात बघतो."

हात नीट होता. अंगठा पक्का, जरासुद्धा थरथर नाही. रुफिनोनं कान दिला. "...तुझे राज्य येवो... आमची रोजची भाकर आज आम्हाला दे..." आणि अंगठा सुटला.

"हे म्हणत लावायला कुणी शिकवलं?"

"नेल्सननं. म्हणाला, आई, तुला घड्याळ दिसत नाही, तर 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा पूर्ण म्हण आणि आमेनला बोट काढ. आम्हा दोघींनाही शिकवलं होतं."

"पण तुम्ही भाकरीलाच थांबता."

"माझी तेवढीच आहे."

प्रार्थनेत भाकरीनंतर काय येतं ते त्या खोलीत तिघांनाही पाठ होतं. जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो.

रुफिनोनं पकड फडक्याला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"मग पुढे दुसरं काहीतरी म्हणा," तो म्हणाला. "शिव्या द्या. झडपेला कुठं कळतंय."

एल्दानं त्याच्याकडे पाहिलं. गॅस ओसरेपर्यंत थांबली, मग गुडघ्यांवर बसली. भाकर आली, गेली. अंगठा तसाच.

"एर्नेस्तो बाल्वेर्दे," ती त्याच चालीत म्हणू लागली, "तुझी भिंत पांढरी राहो. तुला खूप वर्षं मिळोत. रोज त्या भिंतीकडे तोंड करून जेव. घास तोंडात असताना तुला माझ्या पोराचा खोकला ऐकू येवो. आमेन."

बोट काढलं. ज्योत राहिली. तिनं बटण पुढे फिरवलं तशी सगळी नळी एकदम पेटली.

"निळी," रुफिनो म्हणाला. "पिवळी दिसली की बंद करायचं आणि मला बोलवायचं." हत्यारं गोळा करून, टोपी डोक्यावर ओढून तो गेला.

मिर्नानं खिडकी लावली. बॅगेतून सपाता काढून हीटरसमोर ठेवल्या. एल्दा जमिनीवरून उठली नव्हती.

"तू लावलास की राहायचा," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तू पूर्ण म्हणायचीस."

मिर्ना बॅगेतले कपडे काढून पलंगावर ठेवत होती. एका स्वेटरची घडी तिनं मोडून पुन्हा घातली.

"मी आकडे मोजते, आई," ती म्हणाली.