आतली कडी

मित्रांनो, चंद्रप्पा मास्तरांना एकदा एक पत्र आले होते आणि त्याचे उत्तर त्यांनी पंधरा वर्षे दिले नाही. ते पत्र माझ्याच खालच्या फटीतून आत सरकले होते, म्हणून ही हकिगत सांगायला मी पुढे आलो आहे. मला ती नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. दरवाजाने बोलावे ही गोष्टच मुळी विचित्र. पण ज्यांनी बोलायला हवे होते ते फार दिवस गप्प राहिले, आणि त्यांत मीही होतो.

मी एक जुना दरवाजा आहे. निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लहान गावात ख्रिस्ती मंडळीचे कौलारू देऊळ आहे. त्याच्या पडवीत, रस्त्याकडे तोंड करून, मी उभा असतो. माझे लाकूड खानापूरच्या रानातले. १९११ साली कंग्राळीच्या मष्णू सुताराने मला घडवले. "शंभर वर्सं हलायचा न्हाय हा," असे म्हणून त्याने माझ्यावर थाप मारली होती, ती मला अजून आठवते. माझ्या आत पुस्तकांची खोली होती. बायबलच्या प्रती, गीतांची पुस्तके, शाळेच्या पाट्या आणि चंद्रप्पा मास्तर, एवढे सगळे त्या खोलीत मावत असे.

मास्तर मिशनच्या शाळेत शिकवीत. शाळा सुटली की ते माझ्या आत येऊन वाचत बसत. माणसांसमोर त्यांना शब्द सापडत नसत. कुणी नमस्कार केला तरी ते आधी पायांकडे बघत. मुले त्यांना 'वाळवी' म्हणत, कारण ते सदा पुस्तकांत असत. त्यांना ते ठाऊक होते. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "वाळवी निदान पुस्तक संपवते तरी."

वाचताना कुणी ना कुणी आत डोकावे आणि मास्तर दचकून पुस्तक मिटत. म्हणून १९१९ साली त्यांनी मष्णूला बोलावून माझ्या आतल्या बाजूला एक लोखंडी कडी बसवून घेतली. त्या कडीचा मला अभिमान वाटला होता. एका भिडस्त माणसाला निवांतपणा मिळाला, आपण उपयोगी पडलो, असे मी समजत होतो. यापेक्षा मोठी चूक माझ्या आयुष्यात झाली नाही. पण ती चूक आहे हे तेव्हा ना मला कळले, ना मास्तरांना.

पुढच्या वर्षी तीमथ्यबुवा आले. ते गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करीत. आवाज असा, की रस्त्याने जाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकत. मंडळीची घरे जेमतेम वीस. गावात कुणी 'बाटगे' म्हणून हिणवी, कुणी पाणवठ्यावर गेले की दुरूनच परतीची वाट दाखवी. बुवांच्या कीर्तनाला मात्र सगळा गाव येई. त्यामुळे मंडळीचा कारभार पाहणारे मारुतीराव बुवांवर फार खूश होते.

मिशनच्या वसतिगृहातल्या आणि मंडळीच्या घरांतल्या मुलांना गाणी शिकवण्याचे काम बुवांकडे आले. ते मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुमची पुस्तकं काय पळून जात न्हाईत. दुपारची खोली मला द्या. बाजाच्या पेटीला वारं लागलं की सूर उतरतो." मास्तरांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी खोली दिली आणि ते चिंचेखाली वाचत बसू लागले.

बुवा एकेका मुलाला आवाज तपासायला आत बोलावीत आणि कडी लावीत. माझ्या बिजागऱ्यांना ते स्वतः तेल घालीत. लोक म्हणत, बुवांना देवळाची किती काळजी. मित्रांनो, त्या तेलामुळे माझी कुरकुर बंद झाली होती. आत काय घडले ते मी तुम्हाला सांगणार नाही. ज्या लेकरांवर ते बेतले, सांगायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे. एवढेच सांगतो, की मुले माझ्यातून आत जाताना मान खाली घालीत आणि बाहेर येताना कुणाशी बोलत नसत. पेटीचा सूर मात्र फार थोडा वेळ ऐकू येई.

त्या मुलांत दहा वर्षांची जया होती. तिची आई मनुबाई विधवा होती आणि निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. पहाटे निघून दिवेलागणीला परत. पोरीला घरी बघायला कुणी नाही आणि तिने चार अक्षरे शिकावी ही हौस, म्हणून तिने जयाला वसतिगृहात ठेवले होते.

१९२१ च्या उन्हाळ्यात ते पत्र आले. मास्तर माझ्याजवळ उभे राहूनच ते वाचू लागले. एकटे असले की मोठ्याने वाचायची त्यांची सवय होती, म्हणून मलाही ते ऐकायला मिळाले. मनुबाईला लिहिता येत नव्हते. वखारवाल्यांची सून पद्मावती शिकलेली होती, तिने मनुबाई बोलेल तसे लिहून दिले होते.

'मास्तर, तुमी शिकल्यालं हाय. म्हणून इचारते. माजी जया सणाला घरी आलती. गाण्याचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणती. कारण सांगत न्हाय. नुसती त्या खोलीच्या दाराला भेती. दारात काय हाय ते तुमी बघा. पोर ठेवू का नेऊ, येवढं कळवा. तुमी सांगाल तसं करीन.'

 वाचून झाल्यावर मास्तरांनी माझ्या कडीवर बोट ठेवले आणि चटका बसल्यासारखे काढून घेतले.

त्यांना कळले होते, मित्रांनो. निदान शंका तरी नक्कीच आली होती. त्या आठवड्यात त्यांनी चार वेळा उत्तर लिहायला घेतले आणि चारही वेळा फाडले. 'आपण चुकत असलो तर? एका माणसाचे नाव आयुष्यभराचे जाईल. आपण कोण असे लिहिणारे?' असे ते पुटपुटत. शेवटी त्यांनी ते पत्र एका जाड पुस्तकात घातले आणि पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. त्या पुस्तकाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

दोन महिने वाट पाहून मनुबाई स्वतःच आली. वखारीतून तशीच आली होती. लुगड्याला तंबाखूचा वास येत होता. मास्तर माझ्यात अर्धे आत, अर्धे बाहेर असे उभे राहिले.

"मास्तर, पत्र पोचलं न्हवं?"

"पोचलं."

"मग?"

"मी बघणार होतो, मनुबाई. चौकशी करून मग..."

"बघनार हुता." तिने पदराने कपाळ पुसले. "व्हय. तवर पोरगी थांबली असती जनू." मग तिने पडवीच्या टोकाला उभ्या असलेल्या जयाला हाक मारली, "चल गं. ट्रंक ऱ्हाऊ दे. चल."

जया माझ्यासमोरून गेली नाही. ती पडवीवरून खाली उतरून अंगणातून वळसा घालून गेली. तेव्हा ती दुसरीत होती. तिची शाळा तिथेच संपली. पुढे ती आईबरोबर वखारीत जाऊ लागली, असे ऐकले.

मनुबाईच्या पत्राची मंडळीत कुजबुज झाली. पडवीत पंच बसले. मारुतीराव म्हणाले, "गावात बोभाटा झाला तर आपली वीस घरं तोंड कुठं दावनार? जपून मिटवा." कुणी त्या लेकरांना काही विचारले नाही. बुवांना शाल आणि स्तुतीचे पत्र देऊन दुसऱ्या मिशन ठाण्यावर पाठवले. त्या पत्रावर चंद्रप्पा मास्तरांचीही सही होती. अक्षर नेहमीसारखेच वळणदार होते.

नंतरची वर्षे मी रिकामा उभा होतो. मास्तर खोलीत येत, पण कडी लावीत नसत. ती गंजली. माझ्या खालच्या कडेला खरोखरीची वाळवी लागली. मालुबाई नावाची बाई देऊळ झाडायला येई. ती माझ्यापर्यंत आली की केरसुणी लांबूनच फिरवी. मला वाटे, आळस असेल. मी किती चुकीचे समजत होतो, ते मला फार उशिरा कळले.

१९३६ साली देवळाला पंचवीस वर्षे झाली. समारंभ ठरवायला पुन्हा पडवीत बैठक बसली. मारुतीराव आता म्हातारे झाले होते, पण आवाज तसाच होता.

"बुवास्नी बोलवायचं ठरलंय," ते म्हणाले. "म्हैनाभर ऱ्हातील. पोरांकडनं गाणी बशिवतील. खोली मास्तरांची हायच."

"खोली मिळणार नाही," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. "का हो, वाळवीनं खोली खाल्ली व्हय?"

मास्तर उभे राहिले. त्यांनी माझी चौकट घट्ट धरली. "बुवांना बोलावू नका. मनुबाईची जया आठवते का?"

मारुतीरावांचे हसू मावळले. "ते मिटलंय."

"मिटलं नाही. आपण त्यांना शाल देऊन दुसऱ्या गावी धाडलं. त्या गावातपण पोरं आहेत."

"आनि पंधरा वर्सं तुमी तोंडात गुळणी धरलीती?"

"होय," मास्तर म्हणाले. "गुळणीच."

"पुरावा काय? एका बाईचं पत्र? उद्या गावात म्हंतील, बघा ही बाटग्यांची शिकवण."

 मास्तरांनी पायांकडे पाहिले. मला वाटले, संपले आता. तेवढ्यात खांबाआड बसलेली मालुबाई बोलली. बैठकीत बायका बोलत नसत.

"मास्तर खरं बोलत्यात. माजा पोरगा भावकू बी गाण्याला जाईना झालता. म्हनायचा, आये, नगं धाडू. मी फोकानं मारून धाडला. म्हटलं, बुवासारका देवमानूस शिकवतोय आनि तुला मस्ती आलीया. आता त्यो कोल्लापुरात असतोय. आट वर्सं झाली, गावाकडं आला न्हाय. मी कशापायी मारत हुते, ते मला त्या येळेला ठावं न्हवतं, मारुतीअण्णा."

 मारुतीराव बराच वेळ काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "त्यास्नी कळवा, तब्बेतीमुळं समारंभ ऱ्हाईत झाला म्हणून."

"नाही," मास्तर म्हणाले. "जे खरं आहे ते कळवायचं. त्यांना नव्हे, ते जिथं आहेत तिथल्या मंडळीला."

ते पत्र मास्तरांनी तिथेच लिहिले. मारुतीरावांनी सही केली नाही. मालुबाईने अंगठा उठवला. पलीकडच्या मंडळीने पुढे काय केले, ते आम्हाला कुणी कळवले नाही. म्हणून या गोष्टीचा शेवट चांगला झाला, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझी कडी स्वतः उपटून काढली. मष्णू सुताराला कंग्राळीहून बोलावले. तो आता वाकला होता. मास्तर म्हणाले, "चालत्या माणसाला सहज आतलं दिसेल, एवढी काच बसव."

"भोकच पाडायचं हुतं तर येवढं जाड लाकूड कशाला घ्यायला लावलंसा?" मष्णू कुरकुरला. पण त्याने काच सरळ बसवली. करवत फिरताना मला दुखले. ते व्हायलाच हवे होते, असे वाटले.

मग मास्तरांनी मंडळीत नियम घालून घेतला. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाला दार लावून बसवणार नाही. शिकवताना दोन मोठी माणसे हवीत. हा नियम पाळकाला म्हणजे पाद्र्याला, मास्तरांना, पाहुण्याला, सगळ्यांना सारखा. "माझ्यासकट," असे ते दोनदा म्हणाले. आता ते वाचत असले की मुले काचेला नाक लावून त्यांना वेडावतात. मास्तर दचकतात, पण पुस्तक मिटत नाहीत.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. देवळात असो, शाळेत असो, मोठ्या माणसाने दार लावून 'कुणाला सांगू नको' म्हटले, तर नक्की सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, आणि त्यानेही ऐकले नाही तर तिसऱ्याला. आणि तुमच्यातले जे मोठे होतील, त्यांनी अशा वेळी शहाणपणाचे चार शब्द सुचायची वाट बघत बसू नये.

समारंभ झाल्यावर एका दुपारी मास्तरांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे पुस्तक काढले. पत्राचा कागद पिवळा पडला होता. त्यांनी समोर कोरा कागद घेतला आणि लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचू लागले.

'मनुबाई, तुमचे पत्र मला वेळेवर मिळाले होते. तुम्ही विचारले होते, पोर ठेवू का नेऊ. त्याच दिवशी न्यायला हवे होते, आणि हे सांगायला मी स्वतः यायला हवे होते. मी घाबरलो. दाराची आतली कडी माझ्याकरिता बसवली होती. जया खोटे बोलत नव्हती. तिची काही चूक नव्हती. बुवांना आता इथे येऊ देणार नाही.'

खाली त्यांनी 'क्षमा करावी' असे लिहिले आणि मग खोडले. "तेवढंपण तिच्याकडेच मागायचं का," ते म्हणाले.

मग ते थबकले. मनुबाईला वाचून दाखवायची ती जयाच, आणि ती दुसरीपर्यंतच शिकलेली. तिला हे अक्षर लागेल का? आता ती पंचविशीची असेल. कुठे नांदत असेल, मनुबाई तरी असेल की नाही, काहीच ठाऊक नव्हते. मास्तरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कागदावर सगळे पुन्हा लिहिले, फळ्यावर लिहावे तसे मोठे, सुटे अक्षर काढून. त्याला तीन पाने लागली. पाकिटावर त्यांनी निपाणीच्या वखारीचाच पत्ता घातला.

रस्त्यापलीकडच्या चिंचेला टपालाची लाल पेटी टांगलेली आहे. मास्तर मला उघडे टाकून निघाले. पेटीपाशी ते थांबले, पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला, एकदा मागे वळले. टपालवाला सायकल टेकवून पेटी उघडायच्या बेतात होता. तो म्हणाला, "काय मास्तर, टाकताय का नेताय घरी?"

"टाकतोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पाकीट आत सोडले.