घेतलं

ओवीनं औषधांच्या ट्रॉलीआड उभं राहून मोबाइल वर धरला. कोपऱ्यातल्या खाटेवर प्रमोदिनीबाई छताकडे बघत पडल्या होत्या. समोर उभं राहून कुणी काही सांगत असावं, तशी त्यांची मान मधूनमधून हलत होती.

"घेतलं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा, "घेतलं."

दुपारचे दोन वाजत होते. बायका जेवून पेंगल्या होत्या. कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता. हसू दाबताना ओवीचा हात हलला, पण चित्र बरं आलं. प्रत्येक दोन 'घेतलं'च्या मध्ये एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत चालत जाण्याइतकं अंतर होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

तिनं ते 'आपण सगळ्या'वर टाकलं. वॉर्डातल्या सिस्टर्सचा हा खाजगी ग्रुप मृण्मयीनं काढला होता. मृण्मयी वॉर्डची इन्चार्ज. तिचं उत्तर लगेच आलं: 'आजी भुताकडून चार्ज घेतायत.' खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला घेऊन खाटेखाटेशी थांबायची. कुणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणावर लक्ष ठेवायचं, हे सांगायची. याला त्या 'ओव्हर देणं' म्हणत. येणारीनं प्रत्येक खाटेशी एकच शब्द बोलायचा: घेतलं. तो आल्याशिवाय जाणारीनं वॉर्ड सोडायचा नाही. प्रमोदिनीबाई स्वतः जुन्या नर्स, काचेच्या सिरिंजा उकळायच्या काळातल्या, पांढरी साडी आणि टाचण्यांनी बसवलेल्या टोपीच्या. खुब्याचं हाड मोडून आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "अजून घेतलं म्हणता ना गं पोरींनो?" हो ऐकून त्यांचं दुखणं अर्धं कमी झाल्यासारखं दिसलं.

रत्नमालाला मात्र ते कुणी म्हणत नव्हतं.

रत्नमाला फर्दापूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, तोंडानं फटकळ. सणाच्या रजा लागल्या तेव्हा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "दिवाळी दर साली तुमच्याच नशिबी कशी ओ, मृण्मयी सिस्टर?" तेव्हापासून ती ओव्हर देऊ लागली की मृण्मयी मोबाइल काढायची. ओवी शेजारी उभी राहून फरशी बघायची. मग मृण्मयीनं रत्नमालाची नक्कल आवाजात भरली: "लई दुखतंय व्हय गं माय? थांब, मेंढराची सुई आणते." ती चुकून वॉर्डाच्या मोठ्या ग्रुपवर गेली. ओवीनं त्यावर हसरा चेहरा टाकला होता. काढून टाकावा असं तिला वाटेपर्यंत रत्नमालानं तो बघितला होता.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला कामावर आली. दोन वाजता एकेका खाटेशी थांबत तिनं सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या शेवटच्या खाटेपाशी येऊन ती उभी राहिली.

"सिस्टर, घेतलं म्हणा. माझी एसटी जाईल."

मृण्मयीचा अंगठा पडद्यावर वर सरकत राहिला. ओवीनं फरशीवरची चीर बघून घेतली.

तेव्हा त्या खाटेवरून प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "घेतलं गं बाळ. सगळं घेतलं. जा तू."

रत्नमालानं वळून त्यांच्याकडे बघितलं आणि ती गेली. त्यानंतर ती आली नाही. आठवड्यानं तिचा भाऊ अजिनाथ तिचे ड्युटीचे बूट न्यायला आला.

"ती नाय येणार आता," तो म्हणाला. बूट पिशवीत घातल्यावरही तो जरा वेळ दारात थांबला. 'तिला काय झालं?' हा प्रश्न ओवीच्या ओठांवर आला होता. पण मृण्मयी बघत होती.

रत्नमालाची सकाळची पाळी ओवीला मिळाली. आणि प्रमोदिनीबाई रोज दोन वाजता छताकडे बघून 'घेतलं' म्हणू लागल्या.

बानाबाई भरती झाली ती यानंतर. पैठणजवळच्या वाडीची म्हातारी, पाय सडत आलेला. तिला सहा नंबर दिला, प्रमोदिनीबाईंपासून पार दुसऱ्या टोकाला. दोघींनाही खाट सोडता येत नव्हती. बानाबाई सिस्टर्सशी बोलत नसे. काही विचारलं तर पदर तोंडावर ओढून घ्यायची.

एके दिवशी डॉक्टरांनी तिचं इंजेक्शन बदललं. ओवीनं मृण्मयीला ओव्हर दिला, प्रत्येक खाटेशी तिचं 'घेतलं' मिळालं आणि ती पर्स घ्यायला वळली. मृण्मयी सिरिंज भरून सहाकडे निघाली.

"सहाला ती सुई नको," कोपऱ्यातून आवाज आला. "पेनिसिलिन आहे ना? तोंड सुजतं तिचं."

"आजी, झोपा बरं तुम्ही."

ओवी खाटेजवळ गेली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? आत्ता रत्नमालानं ओव्हर दिला की. तू तिथंच होतीस ना, ऐकत नव्हतीस का?" प्रमोदिनीबाईंचे डोळे स्वच्छ होते. थट्टेचा लवलेश नव्हता.

"ओवी, व्हिडिओ काढ, व्हिडिओ," मृण्मयी हसत म्हणाली. तिनं बानाबाईचा दंड कापसानं पुसला. स्पिरिटचा वास ओवीपर्यंत आला. मोबाइल ओवीच्या खिशात होता. तिचा हात तिकडे गेला नाही.

"सिस्टर, थांबा."

"काय झालं?"

"एकदा तिला विचारून बघा."

"म्हातारीच्या बरळण्यावरून डॉक्टरांची ऑर्डर थांबवू? उद्या भूत राउंडला येईल, त्याच्याही मागं फिरशील." मृण्मयीचा आवाज खाली आला. "रत्नमालाची जागा घेतलीस म्हणून तिच्यासारखं वागायचं नसतं, ओवी."

ओवीला ते नीट कळलं. तिची मान वाकली, पण पाय पुढे गेले. खाटेशी बसून तिनं बानाबाईच्या तोंडावरचा पदर हलकेच बाजूला केला.

"आजी, कधी सुई घेऊन त्रास झालता का?"

"झालता की. पैठणला. तोंड भोपळ्यावानी झालं, दम घेता येईना. मरतामरता वाचले."

"मग आल्या आल्या सांगायचं नाही का?" मृण्मयी म्हणाली.

"मला कुणी इचारलं? त्या बाईला सांगितलं की. सकाळी बसली व्हती इथं, पाय दाबीत."

"कोणत्या बाईला?"

"ती नाय का, आमच्यावानी बोलती ती."

सकाळी वॉर्डात ओवी एकटीच होती. ती बानाबाईशेजारी बसली नव्हती. मृण्मयीनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, तशी ती काठावर आपटून वाजली. मग ती डॉक्टरांना फोन लावायला गेली. फोनवर तिनं सांगितलं, पेशंटला विचारताना आपल्या लक्षात आलं.

संध्याकाळी ओवीनं मोबाइल उघडला. 'आपण सगळ्या'तून तिला काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनीबाईंना घरी सोडलं. भाचा केशव चाकाची खुर्ची घेऊन आला होता. दारातून जाताना त्यांनी मागे वळून सगळ्या खाटांवरून नजर फिरवली, आपली ड्युटी संपल्यासारखी. ओवीला त्या काही बोलल्या नाहीत. मावशींनी कोपऱ्यातल्या खाटेवर धुतलेली चादर घातली, कोपरे ताणून खोचले.

दोन वाजता मृण्मयी आली. ओवी पहिल्या खाटेशी उभी राहिली, सांगू लागली. मृण्मयीनं मोबाइल काढला.

दुसरी खाट. तिसरी. ओवी सांगून थांबायची, वाट बघायची, पुढे जायची. सहा नंबरला बानाबाई शांत झोपली होती. ओवीनं तिचं सगळं दोनदा सांगितलं. कूलर घरघरत राहिला.

शेवटी ती कोपऱ्यात आली. तिथलं काही सांगायचं नव्हतं. तरी रीत म्हणून ती म्हणाली, "रिकामी."

ओवी मृण्मयीकडे वळली.

"सिस्टर, घेतलं म्हणा. मला घरी जायचंय." शब्द तोंडातून गेल्यावर तिला आठवलं, ते याच जागेवरून आधी कुणीतरी म्हटले होते.

मृण्मयीचा अंगठा पडद्यावर वर सरकत होता.

"घेतलं गं बाय. लई येळ झाला. जा तू."

आवाज अगदी जवळून आला. ओवीनं खाटेकडे बघितलं नाही. तिनं मृण्मयीकडे बघितलं. मृण्मयीनं मान वर केली नव्हती. तिचा अंगठा मात्र काचेवर जिथल्या तिथं थांबला होता, आणि थोड्या वेळानं मोबाइलचा पडदा आपोआप काळा झाला, तरी तो हलला नाही.