खूण बाहेर, वय आत

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. पण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते पटायचे नाही. माझ्या नक्षीच्या खाचा अजून खोल आहेत, अंगावर एकही ठिगळ नाही, रंग काळाकुळकुळीत. गॅरेजच्या मागच्या अंगणात जो येतो तो मला पाहून म्हणतो, "अरे, हा तर नवाच दिसतोय की!" ते ऐकून माझा जीव कासावीस होतो. माझ्या दिसण्यानेच सगळा घात केला. ही हकीकत मी मनाशी कितीदा घोळवली, पण टायरला तोंड नसते. आज तुम्ही कान दिला आहे, तर सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी, पोलादाच्या बारीक तारा आणि कापडाचे थर यांतून मला घडवले आणि तापलेल्या साच्यात दाबून माझ्या अंगावर नक्षी उठवली. असे टायर तेथे दिवसभर निघत. पण मी आणि माझा जुळा भाऊ चारचौघांसारखे नव्हतो. एका वेगवान, बसक्या स्पोर्ट्स गाडीच्या मागच्या चाकांसाठी आम्हाला मुद्दाम बनवले होते. त्या गाडीचे इंजिन मागच्या बाजूला असते. त्यामुळे मोठा भार मागच्या दोन टायरांवर येतो आणि गाडी ढकलण्याचे कामही त्यांनाच करावे लागते. म्हणून गाडी बनवणारे लोक आमच्या कारखान्यात ठाण मांडून बसले. एक नमुना त्यांनी ओल्या रस्त्यावर पळवला आणि नापसंत केला. दुसरा वळणावर पळवला आणि त्याला नावे ठेवली. शेवटी एक मिश्रण त्यांच्या पसंतीस उतरले, तेव्हा कुठे आमच्या कुशीवर, मापाच्या आकड्यांशेजारी, एक छोटीशी खूण उमटली. हा टायर त्याच गाडीसाठी, असा त्या खुणेचा अर्थ. नुसत्या मापाचे टायर बाजारात ढिगाने मिळतात. पण दोघांच्या पायाचे माप एक असले, म्हणून एकाचा जोडा दुसऱ्याला चावत नाही असे थोडेच आहे?

खूण माझ्या बाहेरच्या कुशीवर होती. आतल्या कुशीवर, म्हणजे चाक बसवले की जी बाजू गाडीच्या पोटाकडे वळते तिच्यावर, चार बारीक आकडे उमटले : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ती माझी जन्मतारीख. तेव्हा मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तरुणपणी वय कोण मोजतो?

आमची रवानगी एका टायरविक्रेत्याच्या गोदामात झाली. कुणा हौशी गिऱ्हाइकाने आम्हाला मागवले होते, पण आम्ही पोचण्याआधीच त्याने गाडी विकून टाकली. झाले! आम्ही वरच्या फळीवर चढलो ते तिथेच राहिलो. खालचे टायर येत आणि जात. टॅक्सीचे, टेम्पोचे, अगदी हातगाडीचेसुद्धा. आमच्याजोगी गाडी त्या गावात कुणाकडे नव्हतीच.

वर तापलेला पत्रा, बाजूला खिडकी, दुपारचे ऊन थेट माझ्या अंगावर आणि शेजारी पाणी चढवणारी विजेची मोटर. ऊन आणि मोटरची ती जळकट हवा रबराला आतून खाते, बाहेरून मात्र काही दिसत नाही. मला ते एका मांजरीमुळे कळले. गोदामातली ही मांजर माझ्या पोकळीत झोपायची आणि उठली की माझ्यावर नख्या घासायची. सुरुवातीला तिच्या नख्या माझ्यात छान रुतायच्या. पुढे वर्षे गेली आणि त्या नुसत्याच घसरू लागल्या. तिने दोन-तीनदा करून पाहिले, मग कंटाळून ती शेजारच्या पोत्याकडे वळली. मी कडक झालो होतो.

"आपण घोडनवरे झालो रे," भाऊ म्हणायचा. आम्ही हसायचो, पण आशा काही सुटत नव्हती.

आणि एक दिवस चष्मेवाले आले. शेजारच्या शहरात त्यांचे चष्म्याचे मोठे दुकान होते. आयुष्यभर मनात जपलेली लाल स्पोर्ट्स गाडी त्यांनी उतारवयात, कुणाची तरी वापरलेली, घेतली होती. पुढचे टायर चांगले होते, मागचे पार गुळगुळीत झाले होते. त्यांच्या टायरवाल्याने त्याच मापाचे ताजे टायर समोर ठेवले, तर हे म्हणाले, "खूण असेल तरच बोला." आणि त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. पण खुणेचे नवे टायर यायला बरेच महिने लागणार होते, आणि चष्मेवाल्यांना धीर नव्हता. त्यांची लेक चिंगी डोळे तपासायचे शिकून तयार झाली होती. दुकानाची तपासणीची व्हॅन घेऊन ती दूरदूरच्या शाळांमध्ये जाणार होती, मुलांचे डोळे तपासणार होती. चष्मेवाल्यांनी घरात जाहीर केले होते, "आधी माझ्या गाडीवर हात बसव. ही सांभाळलीस की व्हॅन म्हणजे काय, खेळणं!" म्हणून ते गावोगाव फोन करत सुटले आणि शोधत शोधत आमच्यापर्यंत पोचले.

गोदामवाल्याने आम्हाला खाली उतरवून काळे पॉलिश फासले. आम्ही नुसते चमकलो. चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढले, गुडघ्यावर बसले आणि माझी खूण वाचली. त्यांचे डोळे पाणावले.

"सापडले गं, चिंगे! अगदी हेच."

"बाबा, पण हे किती जुने आहेत?" चिंगीने विचारले.

"जुने? अगं, वापरलेलेच नाहीत तर जुने कुठले? हे बघ, वरचे केससुद्धा शाबूत आहेत." नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस दाखवत बाबा म्हणाले.

चिंगी वाकली. मला उलटा करून पाहण्यासाठी तिने कडेला हात घातला. माझी ती बाजू जमिनीपासून वीतभर उचलली गेली. आता वाचेल, आता वाचेल, असे मला झाले.

"अगं, पॉलिश लागेल कपड्यांना! ठेव. खूण वर राहू दे," बाबा म्हणाले. तिने मला खाली ठेवले आणि हात रुमालाला पुसले.

मला ओरडावेसे वाटले. सांगावेसे वाटले, की अहो, माझ्यावर मांजरीची नखेसुद्धा ठरत नाहीत, रस्ता कुठला ठरायला! आणि खरे सांगू? इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला निवडले, या आनंदाने मला भरूनही आले होते. ते दोन्ही एकदम सोसणे फार कठीण होते.

टायरवाल्याकडे आम्हाला चाकांवर चढवताना चष्मेवाले त्याच्या डोक्यावरच उभे होते. "खूण बाहेर हं, खूण बाहेर," असा त्यांचा घोष चालला होता. त्याने खूण बाहेर ठेवली आणि माझे वय आत, अंधारात गेले.

सुरुवातीचे दिवस मोठ्या कौतुकात गेले. रस्ते कोरडे होते आणि कोरड्या रस्त्यावर आमचे बिंग फुटले नाही. चष्मेवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकायला लावून माझी खूण दाखवत. त्यांची बहीण, म्हणजे चिंगीची आत्या, त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "दादा, लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावता लावता तुमच्याच डोळ्यांवर झापड आली. गोल आहे, काळा आहे, हवा भरलेली आहे. आणखी काय बघायचं त्यात?" सगळे हसत. मीही हसलो असतो, पण रस्ता ओला झाला की काय होईल, याच विचारात मी होतो.

मग ती सकाळ आली. चिंगी स्टिअरिंगवर होती, बाबा शेजारी. ती सांभाळून चालवायची. गिअर बदलताना ओठ दाताखाली धरायची. वाचनालयाच्या वळणावर थोड्याच वेळापूर्वी रस्ता धुणारी गाडी येऊन गेली होती. डांबर ओले आणि चकचकीत झाले होते. चिंगीने वेग कमी केला आणि गाडी हळूच वळवली. पुढच्या टायरांनी रस्ता घट्ट धरला. मी धरायला गेलो आणि माझ्या हाताला काहीच लागले नाही. ज्या कामासाठी माझा जन्म झाला होता, नेमके तेच मला जमेना. भाऊही सुटला. मागची बाजू पुढे येऊ लागली, गाडी स्वतःभोवती फिरली आणि फुटपाथच्या दगडावर जाऊन आदळली.

भाऊ त्या दगडाने फाटला. चष्मेवाल्यांनी सावरण्यासाठी पुढे हात टेकला होता, त्यांचे उजवे मनगट मोडले. चिंगीला काही लागले नाही. मला साधे खरचटलेही नाही.

गाडी या गॅरेजमध्ये ओढून आणली. जोडी मोडली म्हणून गॅरेजवाल्याने मला काढून अंगणात टाकले, भावाला भंगारात दिले. पुढे एकदा चष्मेवाले, आत्या आणि चिंगी अशी तिघे गाडी पाहायला आली. चष्मेवाल्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितले होते, की चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवायला ती बोटे पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही.

"गाडीचा दोष नाही," चष्मेवाले म्हणाले. "टायरचा तर नाहीच नाही. अगदी खुणेचे होते."

"मी ब्रेकला पायही लावला नव्हता, बाबा," चिंगी म्हणाली.

"घाबरलं की माणसाला आठवत नाही, बाळा. दाबला असशील."

"नव्हता हो दाबला!"

"पोरीच्या हातात एवढी गाडी दिलीतच कशाला, दादा?" आत्या म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता. पण चिंगीने मान खाली घातली. मी चार हातांवर पडलो होतो. सगळ्या जगात खरे काय ते मला एकट्यालाच ठाऊक होते आणि मी नुसता पडून होतो. तिने बाबांच्या प्लास्टरकडे पाहिले. पुढचे वाक्य ती अगदी हळू बोलली.

"दाबला असेन मी."

मित्रांनो, दगडावर फाटताना माझ्या भावाला काय वाटले असेल ते मला ठाऊक नाही. पण माझ्या चिंध्या झाल्या त्या या वाक्याने.

काल ती एकटीच आली होती, गाडीत राहिलेली बाबांची छत्री न्यायला. गॅरेजवाला छत्री शोधत होता, तोवर ती माझ्यावरच बसली. तिचे वजन कितीसे! पण गाडीच्या भाराहून मला ते जड झाले.

"व्हॅन कधी सुरू करताय, ताई?" गॅरेजवाल्याने आतून विचारले.

"मी नाही चालवणार. दुसऱ्या कुणाला तरी देताहेत बाबा."

"का हो? शाळेतली पोरं वाट बघत असतील."

"उद्या शाळेच्या दारात पोरं उभी असताना पाय असाच चुकला तर?"

गॅरेजवाला छत्री घेऊन बाहेर आला. "खरं सांगू का, मलाही नवल वाटलं. टायर तर झकास आहेत. तुम्ही बसलाय तोच बघा ना, खुणेचा आहे."

"हो ना," ती म्हणाली. तिने माझ्या खुणेवरून बोट फिरवले, अगदी तिच्या बाबांसारखे. "म्हणजे चूक माझीच." ती उठली, कपड्यांची धूळ झटकली आणि बसच्या थांब्याकडे चालत गेली.

मित्रांनो, टायर घ्याल तेव्हा गाडी बनवणाऱ्याने सांगितलेलाच घ्या. मी त्या खुणेसाठी जन्मलो, तिची किंमत मला विचारा. पण खूण पाहून तिथेच थांबू नका. न वापरलेला म्हणजे नवा नव्हे. आम्ही फळीवर पडल्या पडल्याही म्हातारे होतो. आम्हाला उलटे करा, आतल्या कुशीवरचे चार आकडे वाचा आणि वय झाले असेल तर आम्हाला कितीही वाईट वाटले तरी नाही म्हणा.

आणि माझे एवढे एक काम करा. शनिवारी चिंगी आणि तिचे बाबा गाडी न्यायला येणार आहेत. मी अंगणातच पडलेला असेन, खूण वर आणि वय खाली मातीत. त्याआधी कुणीतरी इकडे या. मी जड आहे, पण दोन हातांनी सहज उचलला जाईन. काही बोलू नका, समजावू नका. फक्त मला एकदा पालथा घालून ठेवा.