भुरीला काम हवं होतं

मी एक प्रौढ कुत्री आहे. माझं नाव भुरी. माझी आई मेंढ्या राखणाऱ्या शेफर्ड जातीची होती. वडिलांविषयी कुणालाच काही माहीत नाही. म्हणून मित्रांनो, माझा एक कान आईसारखा ताठ उभा असतो आणि दुसरा बहुधा वडिलांवर गेलाय, तो कायम पडलेला.

एका बंद गोदामाच्या दाराशी, माल चढवायच्या उताराखालच्या पोकळीत आम्ही भावंडं जन्मलो. एके दिवशी आई खाणं शोधायला गेली ती परतलीच नाही. आम्ही भुकेने ओरडत होतो, ते ऐकून कुणीतरी प्राण्यांच्या निवारागृहात कळवलं. तिथल्या माणसांनी आम्हाला जुन्या टॉवेलात गुंडाळून नेलं. तिथे फिनेलचा वास होता, लोखंडी जाळी होती आणि वेळेवर दूध होतं. माझी भावंडं एकेक करून नव्या घरी गेली. माझा कान बघून लोक हसायचे आणि पुढे जायचे.

मग एक बसचालक आपल्या दोन मुलींना घेऊन आला. धाकटी जाळीला नाक लावून म्हणाली, "बाबा, हिचा एक कान झोपलाय. हीच घेऊ या."

थोरलीने विचारलं, "चावते का हो?"

"छे, गरीब आहे बिचारी," तिथला कामगार म्हणाला. झोपलेलं पिल्लू गरीबच दिसतं. जागं झाल्यावर ते काय करेल, हे त्यानेही सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत मुलींची आई लोकांचे कपडे शिवायची. कापड बेतायच्या टेबलाखाली मला जागा मिळाली. वरून चिंध्या पडायच्या आणि त्यांच्यावर मी झोपायची. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे माझे पाय लांब झाले आणि अंगात काहीतरी जागं झालं. मुली पळाल्या की मला बसवेना. मी त्यांच्याभोवती गोल फिरे, टाचांशी नाक नेई, आणि त्या थांबल्या नाहीत तर हळूच दात लावी. घरातली चौघंही एका खोलीत असली की मला बरं वाटे. एक जण जरी गच्चीत गेलं तरी जीव खालीवर होई. जिन्यात परकं पाऊल वाजलं की मी भुंकून घर डोक्यावर घेई. मग मला खिडकीच्या गजाला बांधू लागले. बांधल्याबांधल्या मी टेबलाचा पाय कुरतडला, पडदाही फाडला.

एका सकाळी मला जरा मोकळं सोडलं होतं, तेवढ्यात एक बाई आपल्या लेकीला शिवायला टाकलेला फ्रॉक घालून बघायला आल्या. ती चिमुरडी टेबलाभोवती धावू लागली. मी मागे गेले. माझा दात तिच्या टाचेला लागला, लाल ओरखडा उठला. मुलगी रडायला लागली. बाईंनी अर्धवट शिवलेला फ्रॉक उचलला आणि त्या निघून गेल्या.

रात्री जेवणं झाल्यावर मुलींची आई म्हणाली, "अहो, मला भीती वाटते हिची. उद्या कुणाच्या तोंडाला लागलं तर काय करायचं?"

"उद्या सुट्टी आहे मला," बाबा म्हणाले. "देऊन येतो परत."

धाकटी पांघरूण डोक्यावरून ओढून झोपली. थोरलीने माझी सतरंजी घडी करून दाराशी ठेवली.

निवारागृहात त्या दिवशी डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझे दात तपासले, मान खाजवली. "दिवसभर काय करते ही?"

"करणार काय? बांधून ठेवतो. तरी नासधूस चालूच. जित्याची खोड."

"खोड नाही, कसब आहे ते. पळणारं काही दिसलं की गोळा करायचं, हे हिच्या रक्तातच आहे. काम नसलं की रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं होतं हिचं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बस चालवता ना? चढणारे, उतरणारे दिवसभर बघता. घरी आल्यावर नजर लगेच थांबते?"

बाबा हसले. "कुठली! जेवतानासुद्धा नजर सारखी वर जाते, बायको म्हणते, आरशात काय बघताय."

"मग हीसुद्धा ड्यूटीवरच आहे. फक्त हिला तुम्ही बस दिली नाही. इथे ठेवायची असेल तर ठेवून घेते, तुम्हाला दोष देणार नाही. पण दात लावायचं बंद करायला शिकवता येतं. वेळ मात्र द्यावा लागेल."

बाबा बाकावरून उठले. मग त्यांनी सतरंजी काखेत मारली आणि माझा पट्टा हातात घेतला.

आईने दार उघडलं, डॉक्टरबाईंचं म्हणणं ऐकून घेतलं. "बघू या," ती म्हणाली. "पण गिऱ्हाईक आलं की ही आतल्या खोलीत."

तेव्हापासून ड्यूटीच्या आधी बाबा मला मैदानावर पळवू लागले. मुली दोऱ्याची रिकामी रिळं लपवत आणि मी हुडकून आणी. मी टाचांकडे झेपावले की त्या किंचाळायच्या नाहीत, झाडासारख्या उभ्या राहायच्या. उभ्या माणसाला कुठे हाकणार? सतरंजीवर बसायची आज्ञा मी शिकले तेव्हा बाबा म्हणाले, "बस! मिळाली एकदाची हिला बस."

हे सगळं लवकर जमलं नाही. रेनकोट घालून जिना चढणाऱ्या माणसांवर मी अजूनही भुंकते. त्या गिऱ्हाईकबाई परत कधी आल्या नाहीत. आई मात्र आता कापड बेतताना पायाने माझी पाठ चोळते.

मित्रांनो, पिल्लू आवडलं म्हणून लगेच उचलू नका. ते कोणत्या कामासाठी जन्मलंय, याची चौकशी करा. दोन वेळचं खाणं घालणं सोपं असतं. आमच्याबरोबर रोज थोडं धावा, एखादं काम सांगा, आणि ते जमलं की शाबास म्हणा. नाहीच जमलं, तर आम्हाला साखळीला अडकवण्याआधी जाणत्या माणसाला विचारा.

गेल्या वर्षी थोरली शिकायला दुसऱ्या गावी गेली. बाबा तिला पोचवून एकटेच परतले, तेव्हा मी कितीतरी दिवस दार आणि खिडकी यांच्यात येरझाऱ्या घातल्या. आई म्हणायची, "येईल गं ती, झोप आता." मला झोप लागत नव्हती.

परवा ती सुट्टीला आली. दुपारी चौघंही पुढच्या खोलीत गप्पा मारत बसली होती. मी मधोमध आडवी झाले. जिन्यातून कुणीतरी येऊन गेलं म्हणे. मला कळलंच नाही. मी गाढ झोपले होते.