बिनकापराची झाडं

शेतकी खात्याच्या साहेबांनी एक पान चुरगळून वाडीचे मालक दिनानाथ राऊतांच्या नाकापुढे धरलं. वास गोड होता, एखाद्या फुलासारखा. मग त्यांनी शेजारच्या झाडाचं पान चुरगळलं. त्याला मात्र झणझणीत कापराचा वास आला. दोन्ही झाडं एकाच वाफ्यात रुजलेली, एकाच रहाटाच्या पाण्यावर वाढलेली.

वाडीचा माळी व्हॅलेरियन बांधावर उभा राहून ऐकत होता.

महायुद्धात बाहेरचा कापूर यायचा बंद झाला, तेव्हा राऊतांनी भुईगावच्या वाडीतल्या केळी काढून ही कापराची झाडं लावली. बी उत्तरेकडून आणलं होतं. व्हॅलेरियनने ते रुजवलं, खाऱ्या वाऱ्यापासून जपलं. झाडं मोठी झाल्यावर राऊतांनी भट्टी लावली, पाला उकळला. थोड्याच झाडांच्या पाल्यातून कापराचे पांढरे कण निघाले. बाकीच्यांतून नुसतं पातळ तेल.

राऊतांच्या मनाने घेतलं, की माळ्याने चांगली रोपं बाहेर विकली आणि त्या जागी भलतीच लावली. त्यांनी पोलिसांत दिलं नाही, कामावरूनही काढलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं. गावाला तेवढं पुरलं. विहिरीवर बाया व्हॅलेरियनच्या बायकोला, कॅथरिनला, टाळू लागल्या. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

एकदा जेवताना तिनेच विचारलं होतं, "तुमी नाय ना केलं ते?"

दिवसभर रहाट हाकून तो दमला होता. तिनेही विचारावं, हे त्याला लागलं. तो ताटावरून उठला. नंतर सांगू, असं म्हणता म्हणता राहून गेलं, आणि गेल्या पावसाळ्यात कॅथरिन तापाने गेली.

साहेब सांगत होते, की झाडाचा वास आईबापांकडून बियात येतो, पोरांना नाकडोळे येतात तसा. एकाच झाडाच्या बियांतूनही दोन वासांची झाडं निघू शकतात. खतपाण्याने ते बदलत नाही.

"म्हणजे माळ्याचा यात काही..." राऊतांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?" साहेब म्हणाले. पुढे लागवड करायचीच तर कापराच्या झाडांवरून कलमं घ्या, असा सल्ला देऊन ते गेले.

राऊत बांधाकडे आले.

"व्हॅलेरियन, माझं चुकलं. येत्या रविवारी चर्चबाहेर चारचौघांत सांगतो."

"नको शेठ."

"का?"

"जिला सांगायचं व्हतं, ती नाय ऱ्हायली."

गोड वासाची झाडं काढायची का, एवढं व्हॅलेरियनने विचारलं. राऊतांनी हो म्हटलं. दुपारभर त्याने कुऱ्हाड चालवली. खांदे भरून आले, तरी तो थांबला नाही.

संध्याकाळी त्याने थोड्या फांद्या बांधून घरी आणल्या. चुलीत घातल्या, भाताचं आधण ठेवलं. ओली फांदी तडतडली आणि तो गोड वास घरभर पसरला, दाराबाहेर गेला. वाटेवरून जाणारी शेजारीण थबकली. कसला वास, म्हणून तिने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या दाराशी थांबली होती.

"आमच्या झाडांचा," तो म्हणाला आणि तांदूळ धुऊ लागला. एकट्यापुरते.