वीस वाट्यांचे बांगडे

“आता पाट्या किती त्या जागी भाव दिला, तर प्रोग्राम चालूच होणार नाही, सर,” प्रोग्राम नव्या भाषेत लिहायला आलेली ऋतिका म्हणाली. “कुठे काय जाणार ते आधीच ठरवून द्यायचं. चुकलं की भाषाच अडवते.”

सुबोधने मान डोलावली. मालाडच्या या मासळी पुरवणाऱ्या कंपनीचा जुना प्रोग्राम त्याचाच. तो ज्या भाषेत लिहिलेला, ती मोकळीढाकळी. आकडा द्या, अक्षरं द्या, सगळं पोटात घ्यायची. गेल्या महिन्यात सुधारणा करताना त्याने मासळीच्या टोपल्या-पाट्या किती त्या जागी चुकून भाव दिला, तोही तिने निमूट घेतला. दोन पाट्यांऐवजी टेम्पो भरून बांगडा मुलुंडला गेला आणि उन्हात नासला.

पण त्याच भाषेत त्याने हौसेने एक करामत केली होती. बाजारात मासळी विकणाऱ्या जानकीमावशी माल मागवताना मोबाइलवर “वीस वाट्यांचे बांगडे” एवढंच लिहायच्या; वाटा म्हणजे गिऱ्हाइकासमोर मांडलेला ढीग. मासळी कुठली, मोसम कुठला ते बघून प्रोग्राम त्याचे किलो काढायचा. त्या करामतीवर सुबोधचा फार जीव होता.

“वाट्याचं काय करायचं?” ऋतिकाने विचारलं. “यातही बसेल तो. थोडं जास्त लिहावं लागेल, इतकंच. तुम्ही नियम सांगा, आपण आजच बसू.”

तिने मनापासून विचारलं होतं. पण सुबोधला टेम्पो सलत होता, आणि आता पोरीच्या शेजारी बसून शिकायचं म्हटल्यावर तो जास्तच सलला.

“कशाला उगाच? किलो ठेव. शिकतील लोक.”

“नक्की ना, सर?”

“नक्की गं.”

पंधरवड्यात नवा प्रोग्राम सुरू करून ऋतिका दुसऱ्या कामावर गेली. यात आता कुणी हात घालायचा नाही, असं मालकांनी बजावलं.

रविवारी बाजारात जानकीमावशींनी त्याला लांबूनच हाक मारली. “सुबोधा, तुझ्या नव्याक वाटो कळणा नाय रे! किलो सांग म्हणता. जुन्याक सगळा कळायचा.”

“नव्या भाषेत बसत नाही ते, मावशी.” खोटं बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“नाय बसत तर नाय बसत. तुझो काय दोष?”

मावशींनी समोर मांडलेला एक वाटा उचलून तराजूत ठेवला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. डोळे बारीक करून त्यांनी आकडा वाचला.

“ह्यो एक वाटो. आता वीसांचे किती किलो, सांग बघू.”

सुबोधने सांगितलं.

“परत सांग रे. ध्यानात रवाक व्हया.”

त्याने परत सांगितलं.